कचेरीची पायरी चढण्यापूर्वी

बेळगावच्या परिसरातील एखाद्या खेड्यातून एक विधवा बाई सकाळच्या पहिल्या मोटारीने निघते आणि नाडकचेरीच्या खिडकीपाशी येऊन उभी राहते, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वय पन्नाशीच्या पुढचे. नवरा जाऊन तीन वर्षे झालेली. सरकारकडून विधवांना दरमहा जे साहाय्य मिळते, आणि ज्याला खेड्यांतून ‘पगार’ असेच म्हणतात, त्यासाठी तिला अर्ज द्यावयाचा आहे. घरातील झाडून सारे कागद तिने कापडी पिशवीत भरून आणले आहेत. कारकून एकेक कागद उलटून पाहतो आणि मान वर करून विचारतो, “आजी, रेशनकार्डावर सुंदराबाई, आधारकार्डावर लक्ष्मी आणि बँकेच्या पुस्तकात लक्ष्मव्वा. ह्यांतल्या तुम्ही कोण?”

“तिन्ही मीच की, साहेब,” ती सांगते.

ती खरेच सांगत असते. परंतु त्या उत्तराचा कारकुनाला काही उपयोग नसतो. त्याला कागदावर सही करावयाची असते आणि उद्या हिशेबतपासनिसाने विचारले तर कागदच पुढे करावयाचा असतो. समोर उभ्या असलेल्या बाईविषयी त्याला शंका नसली तरी तिच्या तीन नावांविषयी असते. पिशवी पुन्हा बांधली जाते. एका दिवसाची मजुरी बुडते, मोटारीचे भाडे जाते, आणि पुन्हा केव्हा यावयाचे हेही नीट उमगलेले नसते.

असे प्रसंग थोडे नाहीत. कागद गोळा करणे म्हणजेच तयारी, अशी समजूत सर्वत्र आढळते. आणि ‘कोणकोणते कागद लागतात’ एवढेच लोक एकमेकांना विचारतात. वास्तविक, कागद नाही म्हणून जितके अर्ज अडतात त्यांच्या जोडीने, आहेत ते कागद परस्परांशी जुळत नाहीत म्हणूनही पुष्कळ अडतात. तेव्हा तयारीचे पहिले काम कागद जमविण्याचे असले, तरी खरे काम ते शेजारीशेजारी मांडून पडताळून पाहण्याचे आहे. ते घरी, कंदिलाच्या नाहीतर विजेच्या दिव्याखाली, स्वस्थपणे करण्याजोगे आहे. खिडकीपाशी रांग मागे खोळंबलेली असताना ते होत नाही.

प्रथम हे साहाय्य कोणते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे भारताच्या घटनेच्या ४१ व्या कलमात राज्यांसाठी मार्गदर्शक तत्त्व म्हणून नमूद केलेले आहे. त्याला अनुसरून १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धास दरमहा ७५ रुपये मिळत. पुढे वयाची अट साठावर आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धास २०० रुपये आणि ऐंशी पूर्ण झालेल्यास ५०० रुपये. ४० ते ७९ वर्षांच्या विधवेस ३०० रुपये. ऐंशी टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यास ३०० रुपये, असा केंद्राचा वाटा ठरला. २०१२ नंतर दीर्घकाळ हे आकडे जागचे हललेले नाहीत, आणि बाजारात तर सर्व काही हलले आहे. पण तो विषय निराळा. या वाट्यात प्रत्येक राज्य आपली भर घालते आणि योजनेला आपले नाव देते. गोव्यात पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाची सामाजिक सुरक्षा योजना आहे, कर्नाटकात २००७ साली वृद्धांसाठी ‘संध्या सुरक्षा’ निघाली, तेलंगणात २०१४ साली ‘आसरा’ निघाली. कुटुंबाचा मुख्य मिळवता माणूस १८ ते ५९ या वयात निवर्तला तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास एकरकमी २०,००० रुपये देण्याचीही तरतूद याच केंद्रीय कार्यक्रमात आहे. ती पुष्कळांना ठाऊकच नसते, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. हे साहाय्य भाषेवर नव्हे, राहण्याच्या ठिकाणावर मिळते. कोल्हापुरात बहिणीला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात म्हणून निपाणीच्या भावाला ते मिळत नाहीत. त्याला कर्नाटकाच्या योजनेकडेच गेले पाहिजे. इंदूर-ग्वाल्हेरच्या माणसाला मध्य प्रदेशाचा, बडोद्याच्या माणसाला गुजरातचा आणि हैदराबादच्या माणसाला तेलंगणाचा रहिवासी म्हणूनच अर्ज द्यावा लागतो. गोव्याच्या योजनेत तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. दोन राज्यांत दोन रेशनकार्डे ठेवून ‘जिकडचे मिळेल तिकडचे’ असा हिशेब करणारा माणूस शेवटी दोन्हींना मुकतो.

आता नावाकडे वळावयाचे. हा भाग सविस्तर सांगणे भाग आहे, कारण मराठी कुटुंबात नावाची गुंतागुंत कागदाच्या पुष्कळ आधी सुरू होते. लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने नववधूचे नाव लिहितो आणि माहेरची सुंदरा सासरी लक्ष्मी होते. त्या ताटातील नावाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. शाळेच्या दाखल्यावर, असलाच तर, सुंदरा आणि वडिलांचे नाव राहते. सासरच्या रेशनकार्डावर कोणी दिराने सांगितले म्हणून सुंदराबाई लागते. आधारकार्डाच्या वेळी शेजारीण बरोबर होती. तिने ‘लक्ष्मी’ सांगितले. बँकेतील गृहस्थाने आपल्या कानाला सवयीचे असलेले ‘लक्ष्मव्वा’ लिहिले. कोणीही लबाडी केली नाही, आणि तरीही एका बाईच्या तीन बाया झाल्या.

त्यात लिपीची भर पडते. सीमाभागात नाव मराठीत उच्चारले जाते, रोमन लिपीत टंकलिखित होते आणि तेथून यंत्राच्या साहाय्याने कानडीत जाते. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांत भेद राहत नाही, ‘न’ आणि ‘ण’ यांत राहत नाही, ‘थ’ आणि ‘ठ’ एकाच जोडाक्षराने लिहिले जातात. म्हणून काळे हे काले होतात, राणे हे राने होतात आणि साठे हे साथे. कानडीत ‘ळ’ आहे, ‘ठ’ही आहे, पण मधल्या पुलावर तो हरवलेला असतो. लक्ष्मी हे नाव तर रोमन लिपीत कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, कोणी ‘के-एस-एच’ जोडून लिहितो. माणसाच्या कानाला दोन्ही एकच. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटू शकतात, आणि नावाची पडताळणी हल्ली बव्हंशी संगणकच करतो. याचा अर्थ असा की, घरी ताळा पाहताना देवनागरीतील नाव पाहून समाधान मानू नये. रोमन अक्षरे एकेक करून मोजावीत. घरातील शाळकरी मुलाला हे काम उत्तम येते.

हैदराबादेकडे आडनाव पुढे येण्याची रीत आहे. पांडुरंग विष्णू जोशी हे एका कागदावर ‘जोशी पांडुरंग’ असतात आणि दुसऱ्यावर ‘पी. व्ही. जोशी’. आद्याक्षरांमागे कोणते नाव आहे हे आद्याक्षरे सांगत नाहीत, हे उघडच आहे. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबास ‘समग्र’चा आठ अंकी आणि प्रत्येक व्यक्तीस नऊ अंकी क्रमांक असतो, तेथे आधारकार्डावरील नाव समग्रच्या नोंदीशी जुळले पाहिजे. तेव्हा इंदूरच्या माणसाने ताळ्याची सुरुवातच समग्रपासून करावी.

गोव्याची गोष्ट आणखी निराळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या जन्मनोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत, आणि आज साठी ओलांडलेल्या पुष्कळांचा आधार त्याच नोंदी होत. त्या वहीत कामत हे ‘कामोतिम’ असतात, प्रभू हे ‘पोरोबो’, पै हे ‘पोय’ आणि शेणवी हे ‘सिनाई’. नाईक या आडनावाच्या अंती रोमन ‘क्यू’ येतो आणि गावावरून पडलेल्या आडनावांतील ‘कर’ हा ‘के’ऐवजी ‘सी’ने लिहिलेला असतो. ख्रिस्ती कुटुंबात बाप्तिस्म्याच्या वहीत लांबलचक नाव असते आणि घरी, बाजारात, मतदारयादीत त्यातला एक लहानसा तुकडा चालत आलेला असतो. अशा वेळी नाव बदलण्याच्या मागे न लागता, जुनी आणि नवी लेखनपद्धती एकाच व्यक्तीची आहे एवढे सिद्ध करणे पुष्कळदा पुरे होते. नाव किंवा आडनाव खरोखरच बदलून घ्यावयाचे असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे.

ताळा पाहण्याची रीत साधी आहे. एक कोरा ताव घ्यावा. डाव्या बाजूस कागदांची नावे एकाखाली एक लिहावीत : आधारकार्ड, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचे पुस्तक, शाळेचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. पुढे चार रकाने आखावेत : स्वतःचे नाव, नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, जन्मतारीख, पत्ता. प्रत्येक रकान्यात कागदावर जसे आहे तसेच, चुकीसकट, उतरून घ्यावे. मनाने दुरुस्त करू नये. ताव भरला की न जुळणाऱ्या जागा आपोआप डोळ्यांत भरतात. एरवी त्याच चुका दहा वर्षे ट्रंकेत निवांत पडलेल्या असतात.

मग प्रश्न येतो तो असा की, कोणत्या कागदाला प्रमाण धरून बाकीचे दुरुस्त करावयाचे? येथे घाई नडते. पैसे शेवटी आधारक्रमांकाच्या वाटेने खात्यात पोचतात, म्हणून आधारकार्डावरील नाव लोकव्यवहारातले आणि बरोबर असेल तर ते तसेच राहू द्यावे व इतर कागद त्याच्याशी जुळवावेत. आधारकार्डावरील नाव साऱ्या आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते. ही संधी रेशनकार्डावरील कोणाच्या तरी हातची चूक आधारकार्डावर आणण्यात खर्ची घालणे हा शुद्ध वेडेपणा होय. आपल्या त्या बाईच्या बाबतीत ‘लक्ष्मी’ हेच नाव कायम ठेवून रेशनकार्ड आणि बँकेचे पुस्तक दुरुस्त करून घेणे इष्ट. ही दोन्ही कामे तुलनेने सोपी असतात. याउलट, आधारकार्डच चुकलेले असेल तर ते आधी सुधारावे आणि त्यानंतरच बँकेत जावे. उलट्या क्रमाने गेल्यास बँकेत दोनदा जावे लागते.

‘सुंदराबाई आणि लक्ष्मी या नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे करून घेण्याचा उपाय सर्वांना माहीत असतो आणि तो काही वेळा चालतोही. परंतु प्रतिज्ञापत्राने कागद सुधारत नाही; केवळ दोन कागदांमधली फट त्या दिवसापुरती झाकली जाते. दुसऱ्या कचेरीत, दुसऱ्या वर्षी, तीच फट पुन्हा उघडी पडते. शाळेचा जुना दाखला आता बदलणे शक्य नाही अशा ठिकाणी प्रतिज्ञापत्र अवश्य करावे. जो कागद एका अर्जाने सुधारू शकतो त्याच्यासाठी मात्र ते करीत बसू नये.

वयाचा घोळ नावाहून कमी गुंतागुंतीचा, पण अधिक खर्चाचा असतो. जून महिन्यात शाळा उघडे, आई-बापांना तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी दाखलखारीज रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख घालून मोकळे होत. गावेच्या गावे १ जूनला जन्मलेली आढळतात ती यामुळे. पुढे आधारकार्डाची नोंदणी आली. ज्यांना केवळ वर्ष सांगता आले त्यांच्या कार्डावर १ जानेवारी ही तारीख पडली. तेव्हा शाळेत गेलेली बाई १ जूनची आणि कार्डावरची तीच बाई १ जानेवारीची, असा फरक दिसल्यास दचकू नये. वर्षच वेगळे असेल तर मात्र दखल घेतली पाहिजे. विधवेच्या साहाय्याला चाळीस, वृद्धाच्या साहाय्याला साठ आणि वाढीव रकमेला ऐंशी, अशा वयाच्या पायऱ्या आहेत. कार्डावर वय दोन वर्षांनी कमी लागले तर वृद्धाचा केंद्राचा नुसता वाटाच दोन वर्षांत ४,८०० रुपयांनी बुडतो. राज्याची भर वेगळीच.

आधारकार्ड हा जन्मतारखेचा पुरावा आहे, असा समज दृढ झालेला आहे. तो बरोबर नाही. हे कार्ड ओळखीचा पुरावा आहे. नागरिकत्वाचा किंवा जन्मतारखेचा नव्हे, असे आता कार्डावरच छापलेले असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात वय ठरविताना आधारकार्डापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. म्हणून चौथीपर्यंत का होईना, जी व्यक्ती शाळेत गेली असेल तिने त्या शाळेकडे अर्ज करून दाखल्याची नक्कल मिळवावी. शाळा बंद पडली असली तरी तिच्या वह्या कोठेतरी जमा झालेल्या असतात. तालुक्याच्या शिक्षण खात्यात चौकशी करावी. जी शाळेत गेलीच नाही तिने जन्मनोंदीचा शोध घ्यावा. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्यापूर्वीच्या नोंदी कोठे आहेत, कोठे नाहीत. शोध घेऊनही नोंद सापडली नाही तर ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला निबंधकाकडून मागून घ्यावा. रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा तो कागद बरा, कारण पुढील सर्व पुराव्यांचा पाया तोच ठरतो. त्याच्या जोडीला जुनी मतदारयादी, चर्चच्या वहीतील बाप्तिस्म्याचा उतारा, सरकारी डॉक्टरांचा वयाचा दाखला यांपैकी त्या राज्यात जे चालत असेल ते जोडावे.

वय मुद्दाम वाढवून सांगण्याचा मोह कित्येकांना होतो. कागद एकमेकांवर चुगली करतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. बाप वयाने वाढला की थोरल्या मुलाच्या दाखल्यावरून हिशेब निघतो. आणि आईचे वय कमी करून ठेवलेल्या एखाद्या घरात ती मुलाहून अवघी अकरा वर्षांनी मोठी निघते. हसण्यासारखी गोष्ट खरी, पण अर्ज नामंजूर होतो.

विधवेच्या अर्जाचा प्राण म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते, माणूस जेथे राहत होता तेथे नव्हे. बेळगाव जिल्ह्यातला रोगी मिरजेस उपचारासाठी जातो आणि तेथेच दगावतो. सिंधुदुर्गातला रोगी बांबोळीच्या इस्पितळात. गावी आणून अंत्यसंस्कार केले म्हणून घरची माणसे गावच्या पंचायतीत दाखला शोधीत राहतात, आणि ‘नोंद नाही’ ऐकून परततात. नोंद मिरजेच्या महानगरपालिकेत किंवा गोव्यात असते. दुसऱ्या राज्याने दिलेला दाखला कर्नाटकातही तितकाच वैध आहे. ‘हा महाराष्ट्राचा आहे, चालणार नाही’ असे कोणी म्हटले तर तसे लेखी मागावे.

घरी झालेल्या मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते. ती राहून गेली, तरी तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून, आणि त्यापुढे एका वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने होऊ शकते. वर्ष उलटले की न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. कायद्यात झालेली सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. तेव्हापासून हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला आहे. ते काम महिना-दोन महिने खाते. म्हणून ज्या घरात हा दाखला नाही त्या घराने बाकी कशाच्याही आधी याच्यामागे लागावे. दाखला हाती पडताच मृताचे नाव रेशनकार्डावरील नवऱ्याच्या नावाशी जुळते काय, हे त्याच खिडकीपाशी उभे राहून पाहावे.

रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला यांविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते, एवढे ध्यानात असावे. तो अगदी शेवटी काढावा. पहिल्यांदा काढून ठेवला तर नाव-वयाच्या दुरुस्त्या होईपर्यंत तो शिळा होतो.

बँकेच्या खात्याबाबत मात्र दोन शब्द हवेत. खात्याला आधारक्रमांक जोडला आहे एवढ्याने सरकारी पैसे त्याच खात्यात येतील असे नाही. ज्या बँकेत आधारक्रमांक सरकारी अनुदानासाठी सर्वांत शेवटी जोडला गेला, तिकडे पैसे जातात. २०१४ सालच्या जनधन मोहिमेत शिबिरात उघडलेली आणि पुढे विसरलेली खाती घरोघर आहेत. योजना मंजूर होते, पैसे सुटतात आणि ते त्या विसरलेल्या खात्यात साचत राहतात. इकडे बाई महिनेन् महिने रोजच्या बँकेत विचारून थकते. ‘सरकारी अनुदानासाठी माझा आधारक्रमांक कोणत्या बँकेकडे आहे?’ असा नेमका प्रश्न बँकेत विचारून उत्तर लिहून घ्यावे. खाते शक्यतो एकटीच्या नावाचे असावे. मुलाबरोबरचे जोडखाते सोयीचे वाटते. ते कोणाच्या सोयीचे ठरते, हे घराघरावर अवलंबून आहे.

बोटांच्या ठशांची अडचण कष्टकरी माणसाच्या वाट्याला हमखास येते. विड्या वळणाऱ्या, शेतात राबलेल्या, भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात आणि यंत्र ‘जुळत नाही’ असे दाखविते. डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या अंकावरूनही ओळख पटविता येते. पण मोबाईल आधारकार्डाला जोडलेला तोच असावा लागतो. पुष्कळ म्हाताऱ्यांच्या कार्डाला नातवाचा क्रमांक जोडलेला असतो आणि नातू पुण्याला जाऊन क्रमांक बदलून बसलेला असतो. कचेरीच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस आधार केंद्रात जाऊन ठसे आणि मोबाईल दोन्ही अद्ययावत करून घेतले की हा प्रश्न मिटतो.

भाषेचा प्रश्न या लोकांपुढे विशेष. अर्जाचा नमुना कानडीत किंवा तेलुगूत असतो. तो भरणारा माणूस केंद्रातला असतो. आणि अंगठा उठविणाऱ्या बाईला त्यात काय लिहिले आहे हे कळत नाही. वार्षिक उत्पन्नाच्या जागी चुकून एक शून्य अधिक पडले तरी अर्ज बाद होतो, आणि खाली अंगठा तिचाच असतो. म्हणून अंगठा किंवा सही करण्यापूर्वी सारा अर्ज मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगावयास लावावा. ती भाषा वाचणारा शेजारी किंवा शाळेत जाणारी नात बरोबर नेली तर फारच उत्तम; सीमाभागातील मुले दोन्ही भाषा सहज वाचतात. अर्जाचा नमुना राजभाषेत असला, तरी गाऱ्हाणे मांडावयाचे झाल्यास घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क दिलेला आहे. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, त्याच कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा आहे. मराठीतील निवेदन केवळ भाषेमुळे परत करता येत नाही.

प्रत्यक्ष त्या दिवशी फारसे करावयाचे उरत नाही. मूळ कागद एका पिशवीत आणि प्रती दुसरीत ठेवाव्यात. मूळ कागद दाखवावा, हातचा सोडू नये. अर्जावर ज्या क्रमाने कागदांची नावे आहेत त्याच क्रमाने प्रती लावाव्यात. ताळ्याचा तो ताव बरोबर असू द्यावा. एखाद्या ठिकाणी फरक राहिलाच असेल तर कारकुनाला तो शोधू न देता आपणच प्रथम दाखवावा आणि त्याचे प्रतिज्ञापत्र पुढे करावे. त्याचा ग्रह चांगला होतो. कचेरीबाहेर बसलेल्या मध्यस्थाला ‘सगळे करून देतो’ या बोलीवर मूळ कागद मुळीच देऊ नयेत.

आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा कायदा देशात प्रथम मध्य प्रदेशाने २०१० साली केला; कर्नाटकाचा ‘सकाल’ कायदा २०११ चा, आणि त्याखालील पोचेवर पंधरा अंकी क्रमांक असतो. मुदत त्या क्रमांकावरून मोजली जाते आणि अपीलही त्यावरच चालते. क्रमांक नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असे म्हणण्यास वाव राहतो. मुदत टळूनही उत्तर आले नाही, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली एक साधा अर्ज देऊन ‘माझा अर्ज सध्या कोणाच्या टेबलावर आहे’ असे विचारता येते. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

यानंतर चौकशीसाठी महसूल खात्याचा माणूस गावात येतो. तो सांगून येईलच असे नाही. बाई शेतावर गेलेली असते, दाराला कडी असते, आणि ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा पडतो. म्हणून अर्ज दिल्या दिवशीच शेजारच्या दोन घरांत सांगून ठेवावे की कोणी विचारीत आले तर लक्ष्मी येथेच राहते, अमुक शेतावर गेली आहे, असे सांगा. आणि ‘सुंदराबाई’ नव्हे, ‘लक्ष्मी’ हेच नाव सांगा, हेही बजावून ठेवावे. कारण शेजारणी तिला अजून सुंदराबाई म्हणूनच ओळखतात.